एका हाताची डोंगी

होडी नदीकाठी बनते, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमची डोंगी मात्र तापीपासून चांगली लांब, ब्राह्मणपुरीला, माझ्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बनायची. कारण साधं होतं. सागवान सातपुड्याकडून यायचं आणि ते आधी आमच्याकडे पोहोचायचं. मासेमारी करणाऱ्या भोयांना लाकूड पुरवण्यापेक्षा तयार डोंगीच नेऊन द्यावी, असं माझ्या सासऱ्यांनी कधीकाळी ठरवलं, आणि त्यांच्यामागे ते काम माझ्या गळ्यात पडलं. वर्षभर मी बैलगाड्या, पाभरी, दाराच्या चौकटी करायचो. पावसाळा सरून तापीचं पाणी निवळलं, की डोंगीवाले यायचे.

डोंगी म्हणजे एका माणसाची अरुंद, लांबट होडी. आत बसलं की दोन्ही काठ मांड्यांना लागतात. जरा कलून बसलात तर ती तुमच्याआधी कलते. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात पिळून ठोकायची आणि वरून तेलात उकळलेली राळ ओतायची, की झालं. कापूस आमच्याकडे घरोघरी. ज्यानं लोक गाद्या भरायचे, त्यानंच आम्ही नदी अडवायचो.

या धंद्यात मला एक गोष्ट लवकर कळली. डोंगी पाण्यात क्वचितच मरते, ती मरते जमिनीवर. उन्हात टाकली की फळ्या आक्रसतात आणि वाती सुटतात. दोन टोकांना दोन दगड लावून मधली अधांतरी ठेवली, की कणा वाकतो. तिला पालथी, सावलीत ठेवायची, मध्येही टेकू द्यायचा आणि उन्हाळ्यात अधूनमधून ओलं पोतं फिरवायचं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, आणि प्रत्येक जण मान डोलावून घरी जायचा.

एकदा एक जण तणतणत आला. "डोंगीमा पानी येस, मिस्तरी!" म्हणून त्याच्याबरोबर गेलो, तर उन्हाळाभर त्यानं डोंगीची गव्हाण केलेली. त्याच्या म्हशीला सरकीची चटक. तेलातल्या वाती तिनं चाटून चाटून, ओढून खाल्ल्या होत्या. मी ते दाखवलं, तर तो गृहस्थ म्हणाला, "तुम्हीच गव्हाणसारखी बनाई, तिना काय दोष?" वाती पुन्हा भरून दिल्या.

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण आज लिहायला बसलो आहे ते झुलाल भोई आणि त्याची बायको ठगुबाई यांच्यासाठी.

थंडीचे दिवस होते. दोघं चालत आली. झुलाल अंगानं भरलेला, तिशीतला. उजव्या खांद्यावरून घोंगडी खाली सोडलेली. ठगुबाई त्याच्यापेक्षा उंच. कापूस वेचून वेचून तिची बोटं फाटलेली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. पाणी किती खोल, बसणारा किती वजनाचा, जाळं फेकणार की गळ टाकणार. झुलालनं उत्तर न देता घोंगडी बाजूला केली. उजवा हात कोपराच्या थोडा खाली संपला होता.

"बत्ती हातमाच फुटनी," तो म्हणाला.

तेव्हा काही ठिकाणी सुरुंगाच्या दारूनं मासे मारायची एक वाईट चाल पडली होती. वात पेटवून डोहात टाकायची, की मेलेले मासे वर येतात. झुलालला कुणीतरी तशी बत्ती आणून दिली, आणि ती पाण्यापर्यंत पोहोचलीच नाही. महिनोन्‌महिने तो दवाखान्यात होता. परत आला तेव्हा त्याच्या जुन्या डोंगीचं लाकूड चुलीत गेलेलं. ठगुबाई कापूस वेचायला जाऊ लागली. भाऊबंद बिचारे जमेल तसे मासे आणून द्यायचे.

"नदीवर वाढेल मानूस मी," झुलाल म्हणाला, "अन माले मासा कोन्ही आनी देस! तो घास खाले जात नही, भाऊ. येक हातनी डोंगी बनाई दे."

मी म्हणालो, आधी बसून दाखव. एक अर्धवट डोंगी अंगणातच पडली होती. तो तीत बसला, डाव्या हातात काठी घेतली आणि जमिनीला रेटा दिला. काठी डावीकडून उजवीकडे न्यायला गेला, तर कोपराखालचं थोटुक नुसतंच हवेत हललं. नसलेला पंजा काठी धरायला निघाला होता. ठगुबाई दुसरीकडे बघू लागली. मी पट्टी घेऊन त्याच्या पायाचं माप घेतलं, म्हणजे काम घेतलं असं त्यांना समजावं.

डोंगी बनवणं सोपं, ती एका हाताची करणं अवघड. जाळं फेकणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून लांब दोरीला ओळीनं गळ बांधून ती डोहात सोडायची, असं ठरलं. पण दोरी ओढायलाही दोन हात लागतात. एक ओढतो, दुसरा धरून ठेवतो. मी डोंगीच्या काठावर निमुळती खाच पाडली. दोरी वर ओढली की पुढे सरकायची, सोडली की खाचेत चिमटून बसायची. नांगराचा दगड गुडघ्यानं ढकलता येईल अशा फळीवर ठेवला. बसायची पाटी खाली घेतली आणि पाय रोवायला आडव्या पट्ट्या मारल्या. बसणाऱ्याच्या मागे आणि पुढच्या नाकाडात वाळलेले भोपळे कोंबून बांधले. डोंगी उलटली तरी बुडू नये, म्हणून.

राहिलं वल्हं. एका बाजूनंच मारलं तर डोंगी जागच्या जागी गोल फिरते. म्हणून दोन्ही टोकांना पातं असलेलं लांब वल्हं केलं. तसलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण दुसरा इलाजच नव्हता. ते धरायला डावा हात होता. उजव्या बाजूला दांड्यावर चामड्याची वाटी बसवायची आणि तिच्यात थोटुक घालायचं. शहाद्याच्या एका मोच्यानं ती वाटी सुबक शिवून दिली. पण वाटीला पट्टा हवा. पट्टा ढिला असला की थोटुक निसटणार. घट्ट असला, तर डोंगी उलटल्यावर लांब वल्हं तिच्याखाली अडकणार, आणि त्याला बांधलेला माणूसही. जू काढता आलं नाही की पुरात बैल जातो, तसंच.

झुलालला पट्टा घट्टच हवा होता. तो मोटेवर पाणी प्यायला गेला तेव्हा ठगुबाई माझ्याजवळ आली.

"भाऊ, डोंगी बनाव. पन त्याले वल्हाले बांधू नको."

"ढिलं ठेवलं तर वल्हं चालायचं नाही, बाई."

"नही चालनं त नही चालनं. येक हात नदीनी लिना. बठ्ठा मानूस देवाले मी तयार नही."

झुलालनं येताना हे ऐकलं. मग दोघांचं माझ्या अंगणात जुंपलं. तो म्हणे, ढिल्या वल्ह्यानं धारेत गेलो तर तसाही मरेन. ती म्हणे, मग जाऊच नको. तो म्हणे, मग काय करू, तू वेचलेल्या कापसावर बसून राहू? मला दोघांचंही पटत होतं. मी वाटी आणि पट्टा हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि म्हणालो, "नदीवर गेल्यावर बघू." मला काही सुचलं नाही की मी असंच म्हणतो.

डोंगी नदीवर न्यायला छगनभाईंनी गाडी दिली. छगनभाई आमच्या गावचे गुजर शेतकरी, कांदासुद्धा न खाणारे. त्यांची कापसाची लांब गाडी आणि त्यांचे बैल पंचक्रोशीत नावाजलेले, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात कासरा द्यायचा नाही म्हणून स्वतःच आले. डोंगीला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "मिस्तरी, हिले मासा त नही लागेल ना?"

"छगनभाई, हिले आजून पानी भी नही लागनं."

"मंग चढाव."

गाडीत कापसाच्या पऱ्हाट्यांचा थर घातला, त्यावर ओली पोती, आणि त्यावर डोंगी पालथी. डोंगी गाडीवर कधी करकचून बांधू नये. खड्ड्यात गाडी पिळते, तशी बांधलेली डोंगीही पिळते आणि सांधे बोलतात. दोरीला थोडी ढील ठेवायची आणि बरोबर चालणाऱ्यानं हात लावून राहायचं. झुलाल आणि ठगुबाई दोन्ही बाजूंनी तशी चालली, एकमेकांशी एक शब्द न बोलता.

तापीच्या काठापर्यंत सगळं ठीक झालं. पुढे दरडीतून खाली उतरणारी वाट होती, पावसानं खरवडलेली, पिठासारख्या मातीची. गाडीला ब्रेक नसतो. उतारावर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. छगनभाईंनी वाट पाहिली आणि बैल थांबवले.

"मन्हा बैल मरतीन आठे," ते म्हणाले.

एक उपाय होता. काठावर जुनी बाभूळ होती. गाडीच्या आसाला मागून जाड दोर बांधायचा, बाभळीला दोन वेढे द्यायचे आणि दोर हळूहळू सोडत गाडी उतरवायची. छगनभाई बैलांपुढे. मी डोंगीजवळ, कारण ती नाकाकडून घसरू लागली होती. ठगुबाई चाकाला दगड लावायला. दोराशी झुलाल राहिला. दुसरं कुणी नव्हतंच.

अर्ध्या वाटेपर्यंत तो व्यवस्थित सोडत होता. तेवढ्यात उजवं चाक चरात गेलं, गाडी तिरपी झाली आणि डोंगी सगळ्या वजनासकट माझ्या अंगावर आली. बैल बिथरले. छगनभाई ओरडले. वर पाहिलं तर दोर बाभळीवरून सरसरत निघाला होता आणि झुलालच्या तळहाताला चटका बसत होता.

"सोड दोरी!" ठगुबाई किंचाळली. "हाऊ बी हात जाई!"

तो सोडता तर बैल, छगनभाई आणि मी, सगळेच गाडीखाली गेलो असतो. त्यानं सोडली नाही. दोर काखेत दाबला, शरीराचा भार मागे टाकला, सुटं टोक वाकून दातांत धरलं आणि हात मोकळा करून बाभळीला तिसरा वेढा दिला. गाडी कचकन थांबली. ठगुबाईनं चाकांपुढे दगड लोटले, एकामागून एक. बैलांच्या नाकातून फेस गळत होता. झुलालच्या हनुवटीवर रक्त होतं आणि दोर अजून त्याच्या दातांतच होता.

ते पाहूनच मला सुचलं. ह्या माणसाला तिसरा हात होता, आणि तो त्याच्या तोंडात होता.

खाली वाळूवर आल्यावर मी पटाशी काढली. पट्टा घट्टच ठेवला, पण त्याची दोन टोकं एकमेकांत अडकवून मधून एक गुळगुळीत सागवानी खिट्टी घातली. खिट्टीला बारीक दोरी, आणि दोरीचं टोक झुलालच्या गळ्यात सैल माळेसारखं. मान झटकून दातांनी दोरी ओढली की खिट्टी निघणार, पट्टा सुटणार, वाटी उघडणार. वाळूवर बसून त्यानं करून पाहिलं. सुटली. पुन्हा पाहिलं, पुन्हा सुटली. ठगुबाई म्हणाली, "वाळूवर बठ्ठंच व्हस." पण अडवलं नाही.

डोंगी पाण्यात गेली. आपण केलेली डोंगी पहिल्यांदा तरंगते तेव्हा सुतार सांध्यांकडे बघतो. त्या दिवशी मी एकदाही सांध्यांकडे पाहिलं नाही. झुलाल डोहात शिरला. आधी डोंगी वाकडीतिकडी गेली, मग त्याला लय सापडली. डावं पातं, उजवं पातं. डोहाच्या मधोमध जाऊन त्यानं वळवून दाखवली. छगनभाई, ज्यांचं मासळीशी काही देणंघेणं नव्हतं, ते टाळ्या वाजवू लागले.

त्या टाळ्यांनीच घात केला की काय कोण जाणे. तो परत यायचं सोडून डोहाच्या तोंडाशी गेला, जिथं पाणी दगडांमधून उथळ आणि वेगानं निघतं. उजवं पातं दगडात रुतलं. डोंगी पुढे गेली, वल्हं मागे राहिलं, आणि पापणी लवते न लवते तोच डोंगी उलटी झाली.

भोपळ्यांनी आपलं काम केलं. डोंगीचं बूड वर तरंगत होतं. झुलाल नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला पोहता येत नाही. आयुष्यभर डोंग्या केल्या, पण कमरेवरच्या पाण्यात कधी उतरलो नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून "खिट्टी! खिट्टी!" असं ओरडत राहिलो, जणू पाण्याखाली ते ऐकू जाणार होतं. ठगुबाईनं लुगड्याचा काष्टा खोचला आणि ती उडी मारून गेली सुद्धा. तिचे हात पाणी कापताना दिसत होते. डोंगी फिरत फिरत खाली चालली होती. मी माझ्या मनात ती वाटी, तो पट्टा, ती खिट्टी पुन्हा पुन्हा पाहत होतो. सागवान पाण्यात फुगतं. खिट्टी फुगून अडकली असेल का? एवढं मला ठाऊक असायलाच हवं होतं.

मग डोंगीच्या पलीकडून खोकल्याचा आवाज आला. झुलालचं डोकं वर आलं. ठगुबाईनं त्याला केसांना धरून उथळ पाण्यात ओढलं. तो उभा राहिला, ओकला, आणि हसला. त्याच्या थोटकाला वल्हं तसंच बांधलेलं होतं, डोंगीखालून कसंबसं निसटलेलं. दोरी गळ्यात, खिट्टी जागेवर.

"खिट्टी काबर नही ओढी?" ठगुबाईनं विचारलं.

"ओढतू त वल्हं वाही जातं ना!"

तिनं खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. पाण्यात उभ्या असलेल्या नवऱ्याला, दोन परक्या पुरुषांसमोर. मग तिचा आवाज फुटला.

"वल्हं गया त मिस्तरी दुसरं बनाई देई. तू गया त कोन बनाई?"

झुलालचं हसू मावळलं. तो खाली बघत राहिला. ठगुबाईनं डोंगी सरळ केली, ओंजळीनं पाणी उपसलं आणि म्हणाली, "आते बस. डोंगी पलटाव. मन्हा डोयासमोर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ती सांगते तसं कर."

मग छातीभर पाण्यात ठगुबाई उभी राहिली आणि झुलालनं मुद्दाम डोंगी उलटी केली. दातांनी दोरी ओढली. खिट्टी निघाली, तो सुटून वर आला. तिनं वल्हं पकडून आणून दिलं. पुन्हा बांध, पुन्हा पलटाव. एकदा खिट्टी खरंच जड निघाली, तेव्हा मी ती घासून बारीक केली आणि तेल चोळलं. थंडीनं त्याचे ओठ निळे पडले, तिचेही. छगनभाई म्हणाले, आता पुरे. ती म्हणाली, नाही. दोरी ओढायची की नाही हा विचारच त्याच्या मनात येईनासा झाला, तो उलटल्याबरोबर मान झटकू लागला, तेव्हाच ती पाण्याबाहेर आली.

मुक्काम त्यांच्या झोपडीत केला. छगनभाई काठावर गाडीखाली झोपले. मासळीच्या घरात कसे येणार? डोंगी बाहेर ठेवायला दोघंही तयार नव्हते. पण झोपडी डोंगीपेक्षा आखूड होती. शेवटी ठगुबाईनं कुडाच्या भिंतीला भोक पाडलं आणि डोंगीचं नाकाड बाहेर काढलं. मी आतून टेकू लावले. पुढे कितीतरी वर्षं ती डोंगी तशीच राहिली, बूड घरात आणि तोंड वाटेवर. मी केलेल्या डोंग्यांत सगळ्यात नीट राखलेली तीच. उन्हाळ्यात ठगुबाई अंगण शिंपडायची तशी तिच्यावर पाणी शिंपडायची. झुलालनं तिच्यावर घर चालवलं. पुढे वाटी दोनदा बदलली, खिट्ट्या तर मी मूठभर करून पाठवायचो.

एक खंत मात्र आहे. सुरुंगाच्या दारूनं हात गेलेले आणखीही लोक त्या काठावर होते. ते माझ्याकडे आले नाहीत, आणि आपणच जाऊन त्यांना विचारावं हे मला तेव्हा सुचलं नाही. झुलालचं वल्हं एकट्याचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा खऱ्या कामाला निघाला. गळांची दोरी वेटोळं करून समोर, आमिषाचं गाडगं पायाशी, दोरी गळ्यात. धुकं पाण्यावरून नुकतंच उठत होतं. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. ठगुबाई काठावर येऊन बसली ती नदीकडे पाठ करून.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही देखा. माले सांगा."

मी सांगू लागलो. आता डोहात आहे. आता दगड सोडला, गुडघ्यानं. दोरी सोडतो आहे. खाचेत अडकली, नीट अडकली. आता वल्हं उचललं, खाली निघाला आहे. ती मान हलवत होती, तोंड दरडीकडे.

खालच्या अंगाला नदी वळते. झुलाल त्या वळणाला गेला आणि दिसेनासा झाला. पलीकडेही उथळ धार होती, हे मला माहीत होतं. तिलाही. मी बोलणं थांबवलं असतं तर तिला कळलं असतं, म्हणून मी सांगतच राहिलो. डावीकडे वल्हं मारतो आहे. उजवीकडे मारतो आहे. सरळ चालला आहे.

"तो वळनपार कवयच गया, भाऊ," ठगुबाई शांतपणे म्हणाली. "आते उगा ऱ्हा."

मी सांगणं थांबवलं. ऊन चढलं. धुकं गेलं. छगनभाईंनी गाडी जुंपून ठेवली होती, पण तेही निघायचं नाव घेईनात. नदी नुसती वाहत होती आणि मला बघायला त्या वळणाखेरीज काही नव्हतं. ठगुबाई वाळूवर बोटानं रेघा ओढत होती आणि पुसत होती.

काही दिसायच्या आधी ऐकू आलं. पाण्यावर वल्ह्याचा आवाज, अजून लांब. एक फटका जड, एक हलका. पुन्हा एक जड, एक हलका.

तिचं बोट थांबलं.

"तोच शे," ती म्हणाली, आणि उठून नदीकडे तोंड केलं.